रक्तदाबाचा आकडा खरा यावा म्हणून

रक्तदाब दोन आकड्यांत लिहितात. हृदय आकुंचन पावून रक्त धमन्यांत ढकलते तेव्हाचा दाब वरचा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडते तेव्हाचा खालचा. प्रौढ माणसात १२०/८० च्या आसपासचा दाब चांगला समजतात. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर उच्च रक्तदाबाचे निदान होते. घरी माणूस निवांत असतो, म्हणून तिथे ही सीमा १३५/८५ धरतात.

बहुतेकांना या विकाराचा काहीच त्रास जाणवत नाही. डोके दुखले म्हणजे बीपी वाढले, ही समजूत भरवशाची नाही. कसलेही लक्षण नसताना वाढलेला दाब मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे खराब करत राहतो. त्यामुळे निदान काय आणि गोळी किती, हे मुख्यतः आकड्यावरूनच ठरते, आणि हा आकडा फार सहज चुकतो.

जिना चढून आल्या आल्या मोजलेला दाब जास्तच येतो. लघवी तुंबलेली असणे, पायावर पाय टाकून बसणे, मोजताना बोलत राहणे, हात खाली लोंबता ठेवणे, जाड दंडाला लहान पट्टा बांधणे यांनीही आकडा चढतो. म्हणून तपासणीच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी, तंबाखू आणि मिश्रीही टाळावी. लघवीला जाऊन यावे. सैल बाहीचा कपडा घालावा, म्हणजे पट्टा उघड्या दंडावर बसतो. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात छातीच्या पातळीवर टेकलेला असावा. पहिल्या खेपेला दोन्ही हातांचा दाब मोजणे चांगले. दवाखान्यात गर्दी असली तरी ही पाच मिनिटे मागून घ्यायला संकोच वाटू नये. घाईत घेतलेल्या एका मोजणीवर जन्मभराची गोळी सुरू होणे योग्य नाही.

काहींचा दाब फक्त डॉक्टरांसमोर चढतो, तर काहींचा तिथे ठीक येतो आणि घरी जास्त असतो. दोन्ही गोष्टी घरच्या नोंदींतूनच कळतात. भेटीआधी आठवडाभर सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सगळे आकडे तारखेसह लिहावेत. चांगले तेवढे लिहून वाईट गाळले, तर वहीचा उपयोग उरत नाही. यंत्र दंडावर बांधायचे असावे. मनगटावरचे तितके खात्रीचे नसते.

चालू औषधांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. ‘पांढरी, लहान गोळी’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी, नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि रोज चघळलेल्या ज्येष्ठमधानेही दाब वाढू शकतो. म्हणून दुकानातून परस्पर घेतलेले औषध आणि घरचा काढाही सांगावा. मिठाबद्दलही मोकळेपणाने बोलावे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजायचे, आणि सैंधव वापरले तरी त्यात सोडियम असतेच.

रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. रॅमिप्रिल किंवा एनालॅप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो. असे झाले की अनेक जण गोळी गुपचूप सोडून देतात. दाब आटोक्यात आला म्हणूनही सोडतात, पण तो गोळीमुळेच आटोक्यात असतो. त्रास सांगितला तर औषध बदलता येते. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने तो आधीच सांगावा, कारण रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी औषधे गरोदरपणात चालत नाहीत.

छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक बोबडी वळणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही झाले, तर आकडा किती आहे हे पाहत बसू नये आणि ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून तडक रुग्णालय गाठावे.