गुऱ्हाळघराला दुसरा जन्म

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, पन्हाळा, राधानगरी या तालुक्यांत हिंडताना उसाच्या फडांमध्ये गुऱ्हाळांची धुराडी दिसतात. त्यातल्या अनेकांतून आता धूर येत नाही. ऊस साखर कारखान्यांकडे वळला, कसबी गुळवे मिळेनासे झाले, गुळाच्या दराने खर्च निघेना. उंच छपराची गुऱ्हाळघरं तेवढी मागे राहिली.

हा वारसा साधा नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

मग बंद गुऱ्हाळघरात जेवणघर आणि शेतमालाचं दुकान का उभं राहू नये? न्यूयॉर्कजवळ रॉकफेलर कुटुंबाचे १९३०च्या दशकातले दगडी गोठे होते. २००४ मध्ये तिथे ‘ब्लू हिल अ‍ॅट स्टोन बार्न्स’ हे उपाहारगृह सुरू झालं. भोवतालची शेती चालू राहिली आणि तिथलंच पीक ताटात येऊ लागलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९२६ची, पाडायला निघालेली काचेची रोपवाटिका २००१ मध्ये ‘दे कास’ हे उपाहारगृह झाली. तिथेही काही भाजी आवारातच पिकते.

गुऱ्हाळघर तर या कामासाठी घडवल्यासारखंच असतं. वाफ निघून जावी म्हणून छप्पर उंच आणि बाजू मोकळ्या, त्यामुळे वारा खेळता राहतो. रस काढल्यावर उरलेली चिपाडं वाळवून चुलवाणात जाळतात आणि राख शेतात जाते. रसात भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते. साधारण १०५ अंशांवर काकवी तयार होते, ११८ अंशांच्या आसपास गूळ. पाहुण्याने हे समोर पाहावं, मग भाकरी-झुणक्याबरोबर ताजी काकवी चाखावी. दुकानात गुळाशेजारी डोंगरी भागातली नाचणी आणि मानांकन मिळालेला आजरा घनसाळ तांदूळ ठेवता येईल. पावसाळ्यात गाळप थांबतं, पण दुकान थांबत नाही.

खबरदारीही हवी. तुळया आणि पाया अभियंत्याकडून तपासून घ्यावा. जुन्या दगडी भिंतीला सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा द्यावा, म्हणजे ओल आत कोंडत नाही. अन्नविक्रीचा परवाना लागतोच. राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते.

चुलवाण विझवून फक्त टेबलं मांडली, तर ते रस्त्याकडेच्या इतर ढाब्यांसारखंच एक ठिकाण होईल. म्हणून ज्यांच्या शेतात असं गुऱ्हाळघर उभं आहे, त्यांनी ते पाडण्याआधी एकदा दुरुस्तीचा हिशेब मांडावा. त्या हिशेबात दर हंगामात थोडा तरी गूळ तिथेच शिजवण्याचा खर्च जरूर धरावा.