घन म्हणावे की द्रव? रंग अडवणाऱ्या पुट्टीची गोष्ट

१९४० सालच्या ब्रिटनच्या लढाईत भाग घेतलेल्या स्पिटफायर विमानाची १:७२ या प्रमाणातील प्रतिकृती आपल्याला रंगवायची आहे, असे समजू. खऱ्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११.२ मीटर होते. प्रतिकृतीत ते सुमारे १५.६ सेंटिमीटर भरतात. विमानाच्या वरच्या बाजूस हिरव्या आणि मातकट तपकिरी रंगाचे नागमोडी पट्टे असत. ते प्रतिकृतीवर कसे उतरवायचे?

सरळ कड हवी असेल तर मास्किंग टेप पुरते. पण इथे रेषा वळणाची आहे आणि पृष्ठभागही गोलाईचा आहे. अशा जागी टेपला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीखाली रंग शिरतो. म्हणून प्रतिकृती बनवणारे हौशी लोक एक मऊ पुट्टी वापरतात. आधी सगळीकडे तपकिरी रंग देऊन तो पूर्ण वाळू द्यायचा. जो भाग तपकिरी ठेवायचा त्यावर पुट्टीचे गोळे ठेवायचे. ते हळूहळू पसरून खाचाखोचांत बसतात. मग हिरवा रंग फवारायचा आणि पुट्टी काढून घ्यायची. तीच पुट्टी पुढच्या वेळी पुन्हा चालते.

घरे रंगवणारे कारागीर भिंतीत किंवा लाकडात भरतात ती लांबी वेगळी. ती वाळून कडक होते आणि तिथेच राहते. आपली पुट्टी वाळत नाही, घट्ट धरून बसत नाही आणि मळली की पुन्हा पहिल्यासारखी होते. हे कसे घडते?

रेणूंची तात्पुरती गाठ

ही पुट्टी मुख्यतः सिलिकोनची असते. सिलिकोनच्या रेणूत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकाआड एक जोडलेले असून त्यांची लांबच लांब साखळी बनते. प्रत्येक सिलिकॉनला दोन मिथिल गट लटकलेले असतात. नुसत्या साखळ्या असतील तर ते तेल होते. त्यात बोरिक आम्ल मिसळून तापवले की बोरॉनचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांना गाठी मारतात. बोरिक आम्ल म्हणजे कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडर.

या गाठी पक्क्या नसतात. त्या सतत सुटतात आणि दुसरीकडे पुन्हा बसतात. पुट्टीवर सावकाश जोर दिला तर गाठी सुटायला वेळ मिळतो, साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि पुट्टी द्रवासारखी वाहते. जोर झटक्यात दिला तर तेवढ्या वेळात गाठी सुटत नाहीत. सगळे जाळे एकसंध राहते आणि पुट्टी रबरासारखी वागते. म्हणूनच तिचा गोळा जमिनीवर आपटला तर उसळतो आणि तोच गोळा टेबलावर ठेवला तर काही वेळाने चपटा होतो. अशा पदार्थांना श्यानप्रत्यास्थ म्हणतात.

हे आपल्या स्वयंपाकघरातही घडते. कणीक मळल्याबरोबर पोळी लाटायला घेतली तर ती आक्रसते. कणीक झाकून थोडा वेळ मुरू दिली की पोळी नीट लाटली जाते. मळताना आलेला ताण त्या वेळात ओसरलेला असतो. कणकेतील जाळे ग्लुटेन या प्रथिनाचे असते. रेणू वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे.

युद्धातील टंचाई आणि खेळणे

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेत कृत्रिम रबराचा शोध सुरू झाला. १९४३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील जेम्स राइट यांनी सिलिकोन तेल आणि बोरिक आम्ल एकत्र केले, तेव्हा असा विलक्षण गोळा हाती आला. डाऊ कॉर्निंग कंपनीतील अर्ल वॉरिक यांच्याकडेही या शोधाचे श्रेय दिले जाते. रबराची जागा मात्र तो घेऊ शकला नाही, कारण ठेवल्या जागी पसरणाऱ्या पदार्थाचे टायर करता येत नाहीत. १९५० मध्ये पीटर हॉजसन यांनी तो ‘सिली पुट्टी’ या नावाने खेळणे म्हणून विकायला आणला. जो गुण टायरसाठी दोष ठरला, तोच प्रतिकृतीच्या पंखावर उपयोगी पडतो.

रंग निघून का येत नाही?

पुट्टी उचलताना तीन बलांची स्पर्धा असते : पुट्टीची रंगावरील पकड, रंगाची खालच्या प्लॅस्टिकवरील पकड आणि पुट्टीची स्वतःची एकजूट. पहिले बल सर्वांत दुबळे असेल तरच काम स्वच्छ होते. सिलिकोनमधील मिथिल गटांचे इतर पदार्थांशी आकर्षण कमी असते, म्हणून पहिले बल दुबळे राहते. मात्र खालचा रंग अर्धवट वाळलेला असेल तर दुसरे बलही दुबळे असते आणि रंग पुट्टीबरोबर निघून येतो.

तिसरे बल आपल्या हाताच्या वेगावर अवलंबून असते. फार सावकाश ओढले तर पुट्टीच्या तारा निघतात आणि अंश मागे राहतो. एकदम हिसका दिला तर ती तुटते. मधला वेग धरावा. खाचेत राहिलेला कण पुट्टीचाच गोळा दाबून उचलता येतो.

याच गुणामुळे दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले वेळेचे. दात कोरण्याच्या काडीने कड नीट केली की लगेच फवारावे. सकाळी ठरवलेली कड दुपारी तिथे नसते. उन्हाळ्यात ती आणखी लवकर सरकते, कारण तापमान वाढले की गाठी अधिक वेगाने सुटतात. दुसरे पथ्य अल्कोहोलचे. ते बोरॉनच्या गाठी सोडवते, म्हणून अल्कोहोलयुक्त रंग पातळ थरांतच द्यावा. कपड्याला लागलेली पुट्टी याच कारणाने अल्कोहोलने निघते.

कड किंचित धूसर हवी असेल तर काय? खऱ्या विमानावर दोन रंग २.५ सेंटिमीटरमध्ये एकमेकांत मिसळत असतील, तर १:७२ प्रमाणात ते अंतर जेमतेम ०.३५ मिलिमीटर होते. त्यासाठी पोस्टर चिकटवायची पुट्टी वळून तिच्या बारीक वळ्या कडेवर ठेवतात. वळीची कड गोल असल्याने तिच्याखाली थोडाच रंग शिरतो. ही पुट्टी आपल्या वजनाने वाहत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जोर दिला तरच तिचा आकार बदलतो.

वर्गात विचारण्याजोगा प्रश्न

पाठ्यपुस्तकात घनाला निश्चित आकार असतो आणि द्रव पात्राचा आकार घेतो, असे आपण शिकवतो. मग ही पुट्टी कुठे बसवायची? मार्कुस राइनर यांनी १९६४ मध्ये यासाठी एक गुणोत्तर सुचवले : पदार्थातील ताण ओसरण्यास लागणारा काळ भागिले आपला निरीक्षणाचा काळ. गुणोत्तर एकाहून बरेच मोठे असेल तर पदार्थ घनासारखा दिसतो, बरेच लहान असेल तर द्रवासारखा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात टॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये नरसाळ्यात डांबरासारखा पिच हा पदार्थ ठेवला. हातोड्याने फुटणाऱ्या या पदार्थाचे २०१४ पर्यंत अवघे नऊ थेंब पडले!

शाळेत हे मोजून पाहता येईल. पुट्टीचे सारख्या वजनाचे दोन गोळे आलेख कागदावर ठेवा, एक सावलीत आणि एक उन्हात. दर पाच मिनिटांनी त्यांचा व्यास नोंदवा आणि काळ व व्यास यांचा आलेख काढा. पुट्टी मिळत नसेल तर पांढऱ्या पीव्हीए गोंदात टाकणखाराचे पाणी थोडे थोडे घालून तसाच गोळा बनतो; इथेही बोरॉनच्याच गाठी असतात. टाकणखार शिक्षकांनीच हाताळावा, कोणीही गोळा तोंडात घालू नये आणि शेवटी सर्वांनी हात धुवावेत.

मोजमाप झाल्यावर ‘हा घन की द्रव?’ असे विद्यार्थ्यांना विचारावे. ‘किती वेळात?’ असा उलट प्रश्न एखाद्याने केला, तर तो विषय समजला असे खुशाल मानावे.