पहिलें टर्नटेबल घेतांना



गेल्या दिवाळींत माझा भाचा अमरावतीहून अकोल्यास आला, तो हातांत एक देखणी पेटी घेऊनच. प्रवासाच्या बॅगेसारखी ती पेटी उघडली, तों आंत फिरती थाळी, दांडी, सुई आणि पुढच्या बाजूस दोन लहानसे स्पीकर, असा सारा संसार मांडलेला. "मामा, आईच्या रेकॉर्डी आतां पुन्हां ऐकतां येतील," असें म्हणून त्यानें माझ्या बहिणीची आवडती लाँग प्ले तबकडी तीवर चढविली. गाणें सुरू झालें, घर भरून गेलें, सर्वांस आनंद झाला. पुढें संक्रांतीपर्यंत ती एकच तबकडी पंचवीस-तीस वेळां वाजली असेल. मग 'स' आणि 'श' हे वर्ण आले कीं कागद फाडल्यासारखा आवाज येऊं लागला. भाच्यानें सुई बदलली. आवाज तसाच राहिला. बिघाड आतां तबकडींतच झाला होता, आणि तबकडीच्या चरांत झालेला बिघाड कोणत्याही उपायानें निघत नाहीं.

भाच्यास दोष देण्याचा अधिकार मला नाहीं. १९७२ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, मीं ह्याहून मोठें पातक केलेलें आहे. वडिलांनीं नागपुराहून वसंतराव देशपांडे ह्यांची एक लाँग प्ले आणली होती. वसंतराव मूळचे आमच्या वऱ्हाडांतले, १९२० सालीं मूर्तिजापुरास जन्मलेले. त्यामुळें घरांत त्या तबकडीचें अप्रूप फार. शेजाऱ्यांच्या विजेच्या यंत्रावर ती रविवारीं वाजवावयाची असें ठरलें होतें. मला रविवारपर्यंत धीर निघाला नाहीं. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन काढला, पोलादी पिन बसविली, थाळी फार भरभर फिरूं लागली तेव्हां तिला बोट लावून मंद केलें आणि पिन टेकविली. पिनेच्या मागोमाग एक पांढुरकी रेघ उमटत गेली. वडील रागावले नाहींत. त्यांनीं तबकडी वेष्टनांत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेविली, आणि तिजविषयीं पुन्हां कधीं शब्द काढला नाहीं.

ह्या दोन्ही प्रसंगांचें मूळ एकच आहे, आणि पहिलें टर्नटेबल घेणारानें सर्वांत आधीं तेंच ओळखावें. तें म्हणजे सुईवरील भार. चावीच्या ग्रामोफोनांत सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक ओझें असे. पेटीवजा स्वस्त यंत्रांत तें पांच-सहा ग्रॅम असतें. उत्तम चुंबकीय कार्ट्रिजास दीड ते दोन ग्रॅम पुरतात. पांच ग्रॅम म्हणजे कितीसे, असें वाटेल. परंतु सुईचें टोंक चरास जेथें स्पर्श करतें ती जागा इतकी सूक्ष्म असते कीं तेवढ्या भारानेंही तेथें प्रचंड दाब पडतो. बावीस मिनिटांच्या एका बाजूस तबकडीचे सव्वासातशेंहून अधिक फेरे होतात, आणि सुई सुमारें अर्धा किलोमीटर चालते. त्या वाटेवर हलक्या पावलानें चालणारी सुई हवी.

म्हणून दुकानांत किंवा चित्रांत यंत्र पाहतांना लाकडाचें पॉलिश पाहूं नका, दांडी पहा. दांडीच्या मागच्या टोंकास फिरवून पुढें-मागें करतां येईल असें वजन आहे काय? सोनाराच्या काट्याप्रमाणें दांडी आधीं समतोल करावयाची, मग आंकडे पाहून कार्ट्रिजास सांगितला असेल तेवढाच भार द्यावयाचा. वजन नसलेलीं, कारखान्यांतच भार ठरवून दिलेलीं कांहीं यंत्रेंही बरीं निघतात. पण भार किती व कार्ट्रिज चुंबकीय आहे कीं नाहीं, हें विचारल्याखेरीज पैसे देऊं नयेत. सुई घासल्यावर तेवढीच बदलतां येते काय, हेंही विचारावें. चांगली सुईसुद्धां पांचशें ते हजार तासांत झिजते.

दुसरी गोष्ट, यंत्राआधीं घरांतील ट्रंक उघडा. आपल्याकडे तबकड्या कोणत्या आहेत? वऱ्हाडांतील जुन्या घरांत बालगंधर्वांच्या, हिराबाई बडोदेकरांच्या लाखेच्या तबकड्या अजून निघतात. त्या मिनिटास ७८ फेरे घेतात. लाँग प्ले १९४८ सालीं अमेरिकेंत निघाली, ती ३३⅓ फेऱ्यांची. ४५ फेऱ्यांची लहान तबकडी त्यानंतर एका वर्षानें आली. आजचीं पुष्कळशीं नामांकित यंत्रें ३३⅓ आणि ४५ हेच वेग देतात. त्यांवर लाखेची तबकडी वाजणार नाहीं. शिवाय नुसता वेग असून भागत नाहीं. लाखेच्या तबकडीचा चर रुंद असतो, त्यास सुमारें इंचाच्या तीन सहस्रांश जाडीचें टोंक लागतें. लाँग प्लेची सुई एक सहस्रांशाहूनही बारीक. ती रुंद चरांत घातली तर तळाच्या धुळींत घासत जाते, आणि गाण्याऐवजीं खरखर ऐकूं येते. ट्रंकेंत दोन्ही प्रकार असतील तर तीन वेगांचें, व डोकें काढून दुसरें बसवितां येईल असें यंत्र घ्यावें. नुसत्या लाँग प्ले असतील तर तिसऱ्या वेगासाठीं जास्तीचे पैसे मोडूं नयेत.

थाळी रबरी पट्ट्यानें फिरावी कीं थेट मोटरीनें, ह्या वादांत माणसें रात्र घालवितात. मला तो वाद तितकासा महत्त्वाचा वाटत नाहीं. पट्ट्यामुळें मोटरीची थरथर थाळीपर्यंत कमी पोंचते. थेट मोटरीनें वेग लवकर धरला जातो. दोन्हींत चांगलें व वाईट आहे. पट्टा कांहीं वर्षांनीं सैल पडतो, म्हणून एक जादा आणून ठेवावा, इतकेंच. वेग मात्र स्वतः तपासावा, आणि त्यास उपकरण लागत नाहीं. तबकडीवर कडेला कागदाचा कपटा ठेवावा, घड्याळ घ्यावें, आणि फेरे मोजावे. तीन मिनिटांत बरोबर शंभर भरले कीं ३३⅓ चा वेग नेमका आहे. हा हिशेब मुलांस करावयास द्यावा. त्रैराशिक त्यांस जन्मांत विसरणार नाहीं.

आतां एक घोटाळा, जो पुष्कळांस निराश करतो. चुंबकीय कार्ट्रिजांतून येणारी वीज व्होल्टाच्या पांच सहस्रांशाइतकीच असते. शिवाय तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर दाबून व तार स्वर चढवून कोरलेले असतात, नाहींतर चर एकमेकांत शिरतील. १९५४ पासून ह्या चढउताराचें एक ठराविक प्रमाण रूढ झालें. तें उलट फिरवून आवाज मूळ स्थितीवर आणणारें 'फोनो प्रीअँप' मध्यें असावेंच लागतें. तें नसेल तर नवें यंत्र अगदीं क्षीण व पत्र्यासारखें वाजतें, आणि माणूस दुकानदारास शिव्या देतो. जुन्या अँप्लिफायरवर 'फोनो' असें लिहिलेलें भोंक असल्यास हा भाग आंत आहे. नव्या पुष्कळ टर्नटेबलांत तो पाठीमागच्या बटणानें चालू-बंद होतो. दोन्ही एकदम चालू ठेवूं नयेत. स्पीकर मात्र यंत्राच्या पेटींत नकोतच. ते स्वतःच्या आवाजानें सुईला हालवितात.

यंत्र भिंतींत पक्क्या फळीवर ठेवावें, आणि गवंड्याची पाणसळ लावून थाळी समपातळींत आणावी. कूलरच्या शेजारीं ठेवूं नये; थरथर आणि ओल दोन्ही वाईट. अकोल्याचा मे महिना आपण सारे जाणतों. पारा पंचेचाळीसच्या पुढें गेला कीं खिडकींतल्या उन्हांत किंवा एकावर एक रचून ठेवलेली लाँग प्ले पापडासारखी वांकते. तबकड्या उभ्या, सरळ, आंतल्या खोलींत ठेवाव्या. कापसाच्या हंगामांत आमच्याकडे धूळ व तंतू फार, तेव्हां वाजविण्यापूर्वीं मऊ ब्रश फिरवावा. मात्र लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधींही लावूं नये. सुतार फ्रेंच पॉलिश कसें करतो हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास कारण सांगावें लागणार नाहीं. लाख स्पिरिटांत विरघळते.

भाच्यानें अखेर तीन वेगांचें, मागें वजन असलेलें, डोकें बदलणारें यंत्र मागविलें. अमरावतीस जाऊन मीं स्वतः कपटा ठेवून फेरे मोजले, शंभर भरले. बहिणीनें तीच बिघडलेली तबकडी लावावयास सांगितली. 'श' अजून फाटतो, पण बाकी गाणें पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें इतकें स्वच्छ आलें. माझी १९७२ ची तबकडी मात्र मीं त्यास दिलेली नाहीं. उकरलेला चर नव्या सुईसही इजा करतो.