रोपाचा पडता खर्च आणि रोपवाटिकेचे भांडवल

जुन्नर तालुक्यात नारायणगावाच्या परिसरात टोमॅटोची रोपे आता बहुधा वाफ्यावर न वाढता शेडनेटखाली प्रो-ट्रेमध्ये वाढतात, आणि या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांच्या मनात एक समज दृढमूल झालेला आढळतो : रोपांची संख्या वाढवीत जावे, म्हणजे रोप स्वस्त पडत जाते. हा समज अर्धा खरा आहे, आणि त्याचा धोका त्या अर्ध्या खरेपणातच आहे.

समजा, बियाणे शेतकऱ्याचे असून रोपवाटिकाधारक केवळ रोप तयार करून देतो. सांगाडा व जाळी यांचा घसारा, कर्जाचे व्याज आणि कायम गड्याचा पगार मिळून दरसालचा स्थिर खर्च ६० हजार रुपये होतो, तर कोकोपीट, ट्रे, औषधे व रोजंदारी यांपायी दर रोपामागे ६० पैसे लागतात. अशा हिशेबाने २ लाख रोपे केल्यास रोप ९० पैशांस आणि ४ लाख केल्यास ७५ पैशांस पडेल, हे निर्विवाद. परंतु पहिल्या बेतास सालाकाठी १ लाख ८० हजार रुपये पुरतात, दुसऱ्यास ३ लाख लागतात. आणि पाऊस लांबल्यामुळे त्या ४ लाखांपैकी ३ लाखच रोपे उचलली गेली, तर तेच रोप १ रुपयास पडते, म्हणजे लहान बेतातल्या पूर्ण खपलेल्या रोपाहूनही महाग. धान्य कोठारात थांबते, रोप थांबत नाही. पंचवीस-तीस दिवसांनंतर त्याचे खोड लांबू लागते, मुळे कप्प्यात गुंडाळी करतात, आणि जाणता शेतकरी असे जून रोप हाती घेत नाही.

दुसरा समज भाजकाविषयीचा आहे. बी टोचून ट्रे एकावर एक रचतात, काळ्या प्लॅस्टिकखाली झाकतात आणि मोड दिसताच उघड्यावर मांडतात. त्या वेळी ९८ कप्प्यांच्या ट्रेत ९८ रोपे गृहीत धरण्याचा मोह होतो. विकण्याजोगी ८८ च निघाली, तर ९० पैशांचे रोप रुपयाला जाते. कीटकरोधक जाळीवर काटकसर करून पांढऱ्या माशीला वाट दिली, तर पर्णगुच्छ रोगाने ही तूट किती वाढेल याला धरबंध नाही. ही काटकसर मला सर्वांत अनिष्ट वाटते, कारण तिचे नुकसान अखेरीस रोप नेणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात उगवते.

उरला अनुदानाचा प्रश्न. ५० टक्के अनुदानामुळे घसारा घटतो आणि रोपाचा पडता खर्च उतरतो, हे खरे; पण ती टक्केवारी मंजूर मापदंडावर आकारली जाते, प्रत्यक्ष खर्चावर नव्हे, आणि रक्कम खात्यावर जमा होते ती पूर्वसंमती, उभारणी व मोका तपासणी हे सारे सोपस्कार उरकल्यानंतर. तोवर सांगाड्याची संपूर्ण किंमत आणि पहिल्या हंगामाचे कोकोपीट, दोन्हींची तजवीज पदरच्या वा कर्जाऊ पैशातूनच करावी लागते.