करसल्लागार पुतणी

आमच्या एकत्र कुटुंबांत आजवर शिक्षक झाले, कारकून झाले, एक वैद्यही झाले. परंतु ‘करसल्लागार’ हा शब्द आमच्या ओटीवर प्रथम आला तो आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येमुळें. सनदी लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण होऊन ती सन २०२२ च्या आरंभीं पुण्यांतील एका मोठ्या व्यावसायिक पेढीच्या करविभागांत रुजू झाली. घरांत पेढे वांटले गेले. पण आमच्या मनांत एक किंतु राहिला. धनिकांस कर चुकविण्याच्या वाटा दाखवावयाच्या, हा कसला व्यवसाय? उभा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या माणसास अशी शंका यावी, हें स्वाभाविकच होतें. ती कशी फिटली, आणि फिटतांना आमचीच कशी फजिती झाली, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

नवा करसल्लागार पहिल्या दिवसापासून सल्ला देतो, ही आमची समजूत प्रथम ढांसळली. सन १९४९ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेच्या परीक्षा द्यावयाच्या, त्या वेळच्या नियमाप्रमाणें तीन वर्षें उमेदवारी करावयाची, आणि एवढें करून पेढींत शिरल्यावर पहिलीं वर्षें जातात तीं वाचण्यांत आणि ताळा घेण्यांत! एखाद्या कंपनीनें ठेकेदारास पैसे दिले, पण देतांना कायद्यानें कापावयाचा कर कापला नाहीं, तर त्या खर्चापैकीं ३० टक्के रक्कम त्या वर्षीं वजा मिळत नाहीं. अशीं देयकें शेंकडों पावत्यांतून हुडकून काढावयाचीं, हें आमच्या पुतणीचें पहिलें काम. वर हिशेब आणखी एक: दिवसाचा प्रत्येक तास कोणत्या पक्षकाराच्या कामीं खर्ची पडला, हें टाइमशीट नांवाच्या तक्त्यांत भरावयाचें. शाळेच्या वेळापत्रकांत निदान मधली सुटी तरी असे!

भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत तर ही मुलगी घरांत जवळजवळ दिसतच नाहीं. हिशेबतपासणीचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, कंपन्यांचीं विवरणपत्रें ३१ ऑक्टोबरपर्यंत, आणि परदेशांतील संबंधित कंपन्यांशीं व्यवहार असतील तर ३० नोव्हेंबरपर्यंत, अशा या मुदती. सरकार त्या कधीं वाढवितें, कधीं वाढवीत नाहीं. पहिल्या वर्षीं गौरीच्या जेवणास ती आली नाहीं. अष्टमीस रात्रीं अकरानंतर घरीं आली. घरांतील वडीलधाऱ्या बायका कुरकुरल्या, आणि आम्हीही त्यांत सूर मिळविला. ती थट्टेनें म्हणाली, “अण्णाकाका, तुमच्या कौटिल्याच्या राज्यांत तरी हिशेबनिसांना सुटी होती का?” आम्हीं अर्थशास्त्र काढून पाहिलें. सन १९०९ मध्यें म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथांत हिशेबाचें वर्ष आषाढी पौर्णिमेस संपतें. त्या दिवशीं ठिकठिकाणच्या हिशेबनिसांनीं मोहोरबंद दप्तरांसह हजर व्हावें, आपसांत बोलूं नये, आणि विलंब करणारास दंड व्हावा, असें तेथें सांगितलें आहे. मुदतीचा जाच हा कांहीं कलियुगाचा शोध नव्हे, हें आम्हांस मुकाट्यानें कबूल करावें लागलें.

आतां आमच्या फजितीची हकीकत. ती जुलै २०२२ मधील. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून आम्हीं एक ठेव सौभाग्यवतींच्या नांवें बँकेंत ठेवली होती. तिचें वर्षाचें व्याज ६०,००० रुपये. सौभाग्यवतींस दुसरें उत्पन्न नाहीं. तेव्हां त्यांच्यावर कर नाहीं, आणि व्याज आमचें नसल्यानें आमच्यावरही नाहीं, असा सोयीस्कर हिशेब आम्ही दोन-तीन वर्षें करीत आलों होतों. विवरणपत्र भरण्यास घरचीच तज्ज्ञ मिळाली, म्हणून कागद तिच्यापुढें ठेवले. तिनें एकच प्रश्न विचारला, “या ठेवीचे पैसे मुळांत कोणाचे?”

आम्हीं खरें तें सांगितलें. तेव्हां ती म्हणाली, “मग हें व्याज तुमच्या उत्पन्नांत धरावें लागेल. पतीनें मोबदल्यावांचून पत्नीस पैसे दिले, तर त्या पैशाचें व्याज पतीच्याच उत्पन्नांत मिळवावें, असें ६४ वें कलम सांगतें.”

आम्ही म्हणालों, “पण सरकारी नोंदींत तें काकूच्या नांवावर आहे. कोण विचारणार आहे?”

“बहुधा कोणी विचारणार नाहीं,” ती शांतपणें म्हणाली. “पण अण्णाकाका, पर्यवेक्षक वर्गाबाहेर गेला म्हणून शेजाऱ्याच्या वहींत पाहावें, असें तुम्हीं आम्हांला कधीं शिकविलें नाहीं.”

माजघरांत सौभाग्यवती होत्या, दारांत बंधु उभे होते. आमचा संताप अनावर झाला. घरांतील वडील माणसास पोरीनें शिकवावें? आम्ही कागद तसेच टाकून उठलों. ती रडली नाहीं, कीं आमची मनधरणी करूं लागली नाहीं. सकाळीं देवघराशेजारीं तिनें केलेला हिशेब मांडून ठेवलेला होता. त्यांत ते ६०,००० आमच्या उत्पन्नांत धरलेले होते. परंतु आमच्या स्वतःच्या ठेवींच्या ४८,००० रुपये व्याजावर ज्येष्ठ नागरिकांस मिळणारी वजावट, जी आम्हीं अज्ञानानें कधीं घेतलीच नव्हती, तीही तिनें घेतली होती. २० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर धरतां एकीकडे १२,४८० रुपये वाढले, दुसरीकडे ९,९८४ वांचले. भांडण झालें तें अवघ्या २,४९६ रुपयांसाठीं! खालीं पेन्सिलीनें लिहिलें होतें, “मागील वर्षांचेंही पाहूं या.” आम्हीं सही केली.

त्या कागदावर आम्हांस त्या व्यवसायाचें मर्म दिसलें. कायदा जी सवलत देतो ती पुरेपूर घ्यावी, आणि जें देत नाहीं तें लपवून घेऊं नये. या दोहोंमधील रेघ ओळखणें हीच ती विद्या. व्याकरणांत जसा उत्सर्ग सांगून मग अपवाद सांगतात, तसें येथेंही कलम, त्यास परंतुक, आणि परंतुकासही स्पष्टीकरण. त्यांतच सन १९६१ चा आयकर कायदा जाऊन सन २०२५ चा नवा, ५३६ कलमांचा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. मागील वर्षांचीं प्रकरणें मात्र जुन्याच कायद्यानें चालावयाचीं. म्हणजे या मुलांस दोन्ही कायदे मुखोद्गत हवेत.

परंतु पाठांतराहून कठीण गोष्ट निराळीच आहे. पेढींतही सर्वांत धाकट्या माणसासच चूक प्रथम दिसते, कारण पावत्या तोच वाचतो. पक्षकार मोठा, वरिष्ठ घाईंत, मुदतीस एक रात्र उरलेली. अशा वेळीं “हें बरोबर नाहीं” असें नम्रपणें म्हणणें, हीच खरी परीक्षा. आमच्या पुतणीवर तसा प्रसंग एकदां आला. पक्षकार रागावला, पण विवरणपत्र दुरुस्त झालें. ही गोष्ट आम्हांस तिनें नव्हे, तिच्या आईनें सांगितली.

ज्या घरांतून अशीं मुलेंमुली या कामास जातात, त्या घरांतील वडिलांस आमची एवढीच विनंती आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्यांचें ताट झांकून ठेवावें आणि उशिराबद्दल बोल लावूं नये. पण त्याहून महत्त्वाचें म्हणजे, बाहेर जें सत्य बोलण्याचें बळ त्यांस हवें असतें, तें घरांत वडिलांपुढें बोलतां आलें तरच अंगीं बाणतें.

आमच्या घरीं हल्लीं जून उजाडला कीं ठेवींच्या पावत्या एका जुन्या दप्तरांत बांधून तयार असतात. पुतणी बसली, चष्मा चढवून आम्ही बसलों, कीं माजघरांतून सौभाग्यवतींचा आवाज येतो, “माझ्या नांवचें व्याज लिहिलेंत ना?”