न्यूट्रिनोचं वजन आणि कार्ल्सरूहची टाकी

हा लेख एका छायाचित्रापासून सुरू झाला. जर्मनीतल्या एका लहानशा गावातला रस्ता, दोन्हीकडे उतरत्या छपरांची घरं, आणि त्या घरांच्या मधोमध, त्यांच्या डोक्यावरून जाणारी एक चकचकीत पोलादी टाकी. मध्ये फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती. खिडक्यांतून आणि रस्त्याच्या कडेने माणसं दाटीने उभी आहेत, आपल्याकडे पालखी बघायला उभी राहतात तशी. संपादकांनी मागितला होता न्यूट्रिनोवरचा सर्वसाधारण लेख. मी त्या टाकीपाशी थांबलो आणि पुढे सरकलोच नाही.

छायाचित्र २५ नोव्हेंबर २००६ चं आहे. गाव लिओपोल्डसहाफेन, ऱ्हाईनच्या काठचं, कार्ल्सरूह शहराजवळचं. टाकी २३ मीटर लांब, १० मीटर व्यासाची, २०० टनांची. ती घडली डॅन्यूबकाठच्या डेगेनडॉर्फमध्ये. तिथून कार्ल्सरूह जास्तीत जास्त चारशे किलोमीटर. पण एवढं रुंद धूड महामार्गावरून नेता येईना, आणि डॅन्यूबला ऱ्हाईनशी जोडणाऱ्या कालव्यातही ते मावेना. मग टाकी उलट्या दिशेने निघाली. डॅन्यूबच्या प्रवाहाबरोबर काळ्या समुद्रापर्यंत, तिथून भूमध्य समुद्र, अटलांटिक, आणि शेवटी ऱ्हाईनच्या मुखातून वर. सुमारे नऊ हजार किलोमीटरांचा हा फेरा घालून ती गावात आली, तेव्हा काही घरांच्या भिंती आणि टाकी यांच्यात वीतभरही जागा नव्हती.

एवढा खटाटोप एका कणाचं वजन करण्यासाठी होता. त्याला वजन आहे की नाही, हेच जवळजवळ सत्तर वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

न्यूट्रिनोची जन्मकथा अनेकांनी सांगितली आहे, म्हणून थोडक्यात. काही अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, त्याला बीटा ऱ्हास म्हणतात. प्रत्येक वेळी सुटणारी ऊर्जा ठरलेली, पण इलेक्ट्रॉनच्या हाती मात्र कधी जास्त, कधी कमी. उरलेली जाते कुठे? वोल्फगांग पाउलीने ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात सुचवलं की एक न दिसणारा, विद्युतभार नसलेला कण ती घेऊन जात असावा. एनरिको फर्मीने त्याचं गणित मांडलं आणि हेही दाखवून दिलं की या कणाला वस्तुमान असेल तर त्याची खूण इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या अगदी वरच्या टोकाला दिसेल. कार्ल्सरूहमध्ये जे चाललं ते सगळं फर्मीच्या या एका निरीक्षणावर उभं आहे.

पुढचा धागा सूर्याकडे जातो. सूर्याच्या भट्टीत हायड्रोजनचं हेलियम होतं. त्याची पहिली पायरी म्हणजे दोन प्रोटॉन एकत्र येऊन त्यांतल्या एकाचा न्यूट्रॉन होणं. हे घडवून आणणारं बल बीटा ऱ्हासामागचंच, आणि ते इतकं दुबळं की ही पायरी फार क्वचित पार पडते. म्हणून तर सूर्य अब्जावधी वर्षं मंद आचेवर जळतो आहे. त्या भट्टीतून निघालेले सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या बोटाच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. अमेरिकेत होमस्टेकच्या खाणीत रेमंड डेव्हिस यांनी कपडे ड्रायक्लीन करायच्या रसायनाची मोठी टाकी ठेवून ते मोजायला घेतले, तर अपेक्षेच्या एक तृतीयांशच सापडले. सूर्याचं गणित चुकलं की डेव्हिस चुकले, हा वाद तीस वर्षं चालला. चुकलं कुणीच नव्हतं. न्यूट्रिनोंचे तीन प्रकार आहेत, वाटेत ते आपला प्रकार बदलतात, आणि डेव्हिस यांच्या टाकीला त्यांतला एकच दिसत होता. हे १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडेने वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंवरून दाखवलं आणि पुढे कॅनडाच्या सडबरी वेधशाळेने सूर्याच्या न्यूट्रिनोंवरून. (वातावरणातल्या या न्यूट्रिनोंची पहिली चाहूल लागली ती १९६५ मध्ये, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांबरोबर तिथे काम करत होती. ही गोष्ट आपल्याकडे शाळेत शिकवली पाहिजे.)

प्रकार बदलायचा तर वस्तुमान हवंच. पण किती, हे त्यातून कळत नाही. दोन भावांच्या वयातलं अंतर कळावं आणि वय मात्र कुणाचंच कळू नये, तशी ही स्थिती. वय काढायचं तर फर्मीच्या टोकाकडेच जावं लागतं.

त्यासाठी ट्रिटियम घेतात. हा हायड्रोजनचा जड, किरणोत्सारी भाऊ, अर्धायुष्य १२.३ वर्षं. त्याच्या ऱ्हासात १८,६०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा सुटते आणि ती इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो वाटून घेतात. क्वचित असं होतं की इलेक्ट्रॉन जवळपास सगळीच घेऊन जातो. तरी न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर तेवढा वाटा त्याच्यासाठी राखून ठेवावाच लागतो, तो इलेक्ट्रॉनला मिळणार नाही. तो राखीव वाटा म्हणजेच न्यूट्रिनोचं वस्तुमान. अडचण एवढीच की टोकाच्या शेवटच्या एका इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये पोचणारा इलेक्ट्रॉन पाच लाख कोटी ऱ्हासांत सरासरी एकदाच जन्मतो. बाकीचे सगळे अडवून त्या एकाला वाट करून द्यायची, हे टाकीचं काम.

या प्रयोगाचं नाव काट्रिन. सत्तर मीटर लांबीच्या रांगेच्या एका टोकाला ट्रिटियमची नळी आहे, तिच्यात सेकंदाला सुमारे दहा हजार कोटी ऱ्हास होतात. नळीला खिडकी नाही, कारण कितीही पातळ पडदा लावला तरी इलेक्ट्रॉन त्यात ऊर्जा गमावेल. म्हणजे वायू बाहेर वाहणार, पण टाकीत मात्र त्याचा मागमूस पोचता कामा नये. आधी पंप त्याला खेचून परत पाठवतात, आणि जे निसटेल ते एका सोन्याचा मुलामा दिलेल्या नळीत, उणे २७० अंशांच्या आसपास गोठवलेल्या आर्गॉनच्या हिमावर चिकटून बसतं.

मग टाकी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. टाकीवर उणे १८,६०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब आहे. तो इलेक्ट्रॉनसाठी घाटासारखा आहे. अंगात पुरेशी ऊर्जा असेल तो माथा ओलांडतो आणि पलीकडच्या शोधकावर जाऊन पडतो, बाकीचे आल्या वाटेने परत. पण इलेक्ट्रॉन सरळ येत नाहीत. ते चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत येतात, आणि गिरकीतली ऊर्जा घाट चढायला कामी येत नाही. म्हणून दोन्ही टोकांना अतिसंवाहक चुंबकांचं प्रचंड क्षेत्र, आणि टाकीच्या मध्यावर ते हजारो पटींनी विरळ केलेलं. क्षेत्र हळूहळू विरळ होतं तशी गिरकी सुटत जाते आणि तिची ऊर्जा पुढच्या धावेत भरते. माथ्यावर पोचेपर्यंत जवळपास सगळे इलेक्ट्रॉन सरळ चालू लागलेले असतात. क्षेत्र विरळ करायचं तर जागा रुंद हवी, म्हणून दहा मीटरांचा व्यास आणि म्हणून नऊ हजार किलोमीटरांचा फेरा. मधलं क्षेत्र इतकं क्षीण की पृथ्वीचं चुंबकत्वही त्यात ढवळाढवळ करतं, ते रद्द करायला टाकीभोवती मोठमोठी तारेची कडी उभारली आहेत.

हे तत्त्व काट्रिनचं नवं नव्हे. जर्मनीत माइन्त्स इथे आणि रशियात ट्रॉइत्स्क इथे त्यावर लहान यंत्रं चालली होती. त्यांनी वस्तुमानाची वरची मर्यादा दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत खाली आणली. त्याआधी, १९८० मध्ये मॉस्कोच्या एका गटाने वस्तुमान तीसेक इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याचं जाहीर केलं होतं. ते खरं असतं तर विश्वातलं अदृश्य द्रव्य न्यूट्रिनोंचंच ठरलं असतं. दुसऱ्या प्रयोगशाळांना मोजून तसं काहीच मिळालं नाही. या क्षेत्रातल्या माणसांच्या अंगी जो सावधपणा दिसतो, तो अशा अनुभवांतून आलेला आहे.

टाकीची आतली बाजू ६९० चौरस मीटर. वैश्विक किरण या भिंतीवर आदळून इलेक्ट्रॉन उडवतात. ते आत येऊ नयेत म्हणून भिंतीपासून थोड्या अंतरावर सुमारे २३ हजार बारीक तारा ताणल्या आहेत, भिंतीपेक्षा थोड्या जास्त ऋण दाबावर. या तारांच्या २४८ चौकटी म्युन्स्टर विद्यापीठात बनल्या. टाकीत परांची बांधून, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या पोशाखात माणसांनी त्या एकेक करून बसवल्या. कुठलीही एक तार तुटली आणि भिंतीला टेकली तर सगळं मुसळ केरात. मला या प्रयोगातल्या सगळ्या समीकरणांहून त्या बसवणाऱ्या हातांचं नवल वाटतं.

त्यानंतर रेडॉन हा किरणोत्सारी वायू आडवा आला. टाकी निर्वात ठेवायला विशिष्ट धातूच्या पट्ट्या लावल्या आहेत, एकूण तीन किलोमीटर लांबीच्या. त्या उरलासुरला वायू शोषतात, पण त्यांतूनच किंचित रेडॉन बाहेर पडतो, आणि त्याचा एकेक ऱ्हास टाकीत शेकडो इलेक्ट्रॉनांचा गोंधळ माजवतो. त्या पट्ट्यांपुढे द्रवरूप नायट्रोजनने गार केलेले तांब्याचे पडदे बसवून तो बराचसा अडवला. तरीही फसवी नोंद कमी होईना. शंभर सेकंदांना एक, असं मुळात ठरलं होतं. पहिल्या मोजणीत ती शंभर सेकंदांना सुमारे तीस होती.

शोध घेता घेता कारण सापडलं ते भिंतीत. टाकीची बांधणी आणि जुळणी चालू असताना साधी हवा आत खेळत होती. हवेत रेडॉन असतोच. त्याच्या ऱ्हासातून तयार झालेलं किरणोत्सारी शिसं पोलादाच्या पृष्ठभागात रुतून बसलं. त्या शिशापासून पुढे होणारा पोलोनियम फुटतो तेव्हा भिंतीवरचे काही अणू उसळून निघतात. अतिशय उत्तेजित, पण विद्युतभार नसलेले. भारच नाही, म्हणून तारा त्यांना अडवू शकत नाहीत. ते टाकीच्या मध्यापर्यंत तरंगत येतात आणि भिंतीच्या साध्या उबेनेच त्यांतला इलेक्ट्रॉन सुटतो. घाटमाथ्यावर जन्मलेला हा इलेक्ट्रॉन उतारावरून घरंगळत शोधकावर पडतो, तेव्हा खऱ्या इलेक्ट्रॉनपासून तो वेगळा ओळखताच येत नाही.

शिसं काढता येत नाही. मग शास्त्रज्ञांनी घाटमाथाच हलवला. क्षेत्रांची रचना बदलून तो शोधकाकडे सरकवला, म्हणजे फसवे इलेक्ट्रॉन जिथे जन्मतात ती जागाच आक्रसली. नोंद निम्म्याच्या आसपास आली. अडचण पुसता येत नसेल तर तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं, ही युक्ती मला फार आवडली.

आकडे असे आले. २०१९ मध्ये १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी, २०२२ मध्ये ०.८ हून कमी. २५९ दिवसांच्या मोजणीतले ३ कोटी ६० लाख इलेक्ट्रॉन तपासून २०२५ मध्ये ०.४५ हून कमी. इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही हलका. पण हे वजन नव्हे. 'याहून जड नाही' एवढंच हा आकडा सांगतो.

पुढची वाट खडतर आहे. प्रकार बदलण्याच्या प्रयोगांवरून इतकं कळतं की सगळ्यात जड न्यूट्रिनो निदान ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असला पाहिजे. आकाशगंगांच्या मांडणीवरून गणित करणारे विश्वरचनाशास्त्रज्ञ तर तिघांची मिळून बेरीजच ०.१ च्या आत ठेवतात. ते खरं असेल तर उत्तर काट्रिनच्या पोहोचीच्या खूप खाली आहे. पण तो आकडा विश्वाच्या एका ठरावीक प्रतिमानावर टेकलेला आहे, आणि प्रतिमान डळमळलं तर आकडाही डळमळेल. काट्रिनच्या आकड्याला ऊर्जेच्या अक्षय्यतेखेरीज फारसं काही गृहीत धरावं लागत नाही. म्हणून माझ्या लेखी त्याचं मोल मोठं.

याच पद्धतीने आणखी खाली जायचं तर टाकी याहून कितीतरी मोठी हवी, आणि तशी टाकी कुठल्याच नदीतून येणार नाही. शिवाय ट्रिटियम वापरलं जातं ते रेणूच्या रूपात. एका अणूचा ऱ्हास झाला की जोडीचा रेणू थरथरतो, फिरतो, आणि त्यात थोडी ऊर्जा खर्च होते. ती धूसरता कुठलंही यंत्र काढू शकत नाही. त्यासाठी सुटे अणू हवेत, आणि भिंतीला लागले की ते परत जोड्या जमवतात. अमेरिकेतला 'प्रोजेक्ट ८' हे अणू चुंबकीय सापळ्यात अधांतरी ठेवायचा आणि गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनची क्षीण रेडिओलहर ऐकून ऊर्जा मोजायचा विचार करतो आहे. २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलेली मर्यादा १५५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची होती. ध्येय आहे ०.०४ चं.

काट्रिनने हजार दिवसांच्या मोजणीचं उद्दिष्ट ठेवलं होतं, मुदत २०२५ च्या अखेरपर्यंतची. त्यानंतर त्याच टाकीला नवा शोधक जोडून वेगळ्या, जड न्यूट्रिनोचा शोध घ्यायचा, असं ठरलं आहे. टाकी आहे तिथेच राहील. तिच्या भिंतीत रुतलेल्या शिशाचं अर्धायुष्य २२ वर्षांचं आहे.