टर्बोचार्जर आणि मोटारीतील वातानुकूलन

टर्बोचार्जर हे अंतर्ज्वलन इंजिनाच्या धुरातील वाया जाणारी ऊर्जा वापरून सिलिंडरमध्ये अधिक हवा दाबून भरणारे यंत्र होय. ज्या मोटारीला कारखान्यातून टर्बोचार्जर आलेला नाही, तिला तो नंतर बसवताना मोटारीचे वातानुकूलन (बोलीभाषेत 'एसी') टिकवणे हा या कामातील सर्वांत किचकट भाग ठरतो. टर्बो आणि वातानुकूलन या दोन्ही यंत्रणांना बॉनेटखालची तीच जागा, रेडिएटरपुढची तीच हवा आणि इंजिनाची तीच शक्ती हवी असते. बीड जिल्ह्यासारख्या, उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जाणाऱ्या आणि बालाघाटाच्या डोंगररांगांतील घाट चढाव्या लागणाऱ्या प्रदेशात हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

कार्यपद्धती

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. एक चक्र इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने फिरते आणि दुसरे बाहेरची हवा ओढून ती दाबाने इंजिनाकडे पाठवते. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्रात वाफ टर्बाइन फिरवते, तेच काम येथे धूर करतो. या दांड्याची गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही पुढे जाते. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असल्याने त्याला इंजिनाच्या तेलाचा अखंड पुरवठा लागतो.

या यंत्राची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली. त्यांचे एकस्व १९०५ सालचे आहे. आरंभी जहाजे, आगगाड्या व विमाने यांच्या इंजिनांत वापरला गेलेला टर्बोचार्जर १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्वेअर या मोटारींतून सामान्य ग्राहकापर्यंत आला. महाराष्ट्रातील परिचित उदाहरण पुण्याच्या टाटा सुमोचे आहे. १९९४ साली आलेल्या या गाडीचे सुमारे दोन लिटरचे डिझेल इंजिन प्रथम विनाटर्बो होते व त्याची शक्ती ७० अश्वशक्तीच्या आतच होती. पुढे त्याच आकाराच्या इंजिनाला टर्बो जोडल्यावर ती ९० च्या घरात गेली. मात्र हा बदल कारखान्याने केलेला होता. त्यामागे इंजिनाच्या अंतर्भागातील फेरफार व चाचण्या होत्या. गावातील गॅरेजमध्ये तेच करू पाहणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

हवा दाबली की तापते

सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, हा अनुभव सर्वांना आहे. टर्बोतही तेच घडते. बाहेरची हवा ४० अंशांची असून ती १.७ पट दाबली, तर ७० टक्के कार्यक्षमतेचा टर्बो तिला सुमारे ११३ अंशांपर्यंत तापवतो. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे दाब १.७ पट झाला तरी सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचे वजन फक्त १.३८ पटच वाढते. हीच हवा इंटरकूलरमधून ६० अंशांपर्यंत थंड करून घेतली, तर ही वाढ १.६ पटींपर्यंत जाते. म्हणून इंटरकूलर हा टर्बोचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. पेट्रोल इंजिनात तर तप्त हवेमुळे मिश्रण वेळेआधी पेटून (मेकॅनिक याला 'नॉकिंग' म्हणतात) पिस्टन फुटण्याचे भय असते.

बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा मूळ दाबच किनाऱ्यापेक्षा पाच ते सहा टक्क्यांनी कमी असतो. ही तूट टर्बो सहज भरून काढतो, आणि पठारी प्रदेशात त्याचे आकर्षण वाटण्याचे हेही एक कारण आहे.

कंडेन्सरपुढची गर्दी

मोटारीच्या वातानुकूलनात चार मुख्य भाग असतात: पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, रेडिएटरपुढे बसवलेला कंडेन्सर, वायूचा दाब उतरवणारी झडप आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइल. गाडीच्या आतील उष्णता कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेत टाकली जाते. इंटरकूलर बसवण्यास सर्वांत सोपी जागाही नेमकी कंडेन्सरच्या पुढचीच. तेथे तो बसवला की त्याने तापवलेली हवा कंडेन्सरवर येते आणि त्यातून निघालेली आणखी तप्त हवा रेडिएटरवर.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. आर-१३४ए हा प्रचलित शीतकारक वायू ६० अंशांना द्रवरूप होतो तेव्हा त्याचा दाब सुमारे १७ बार असतो. कंडेन्सरवरची हवा १० अंशांनी अधिक तापली आणि हे तापमान ७० अंशांवर गेले, तर दाब २१ बार होतो. कॉम्प्रेसरला तेवढे अधिक श्रम पडतात आणि गारवा कमी मिळतो. गाडी घाटात संथ चढत असेल तर पुढून हवा नीट येत नाही, दाब आणखी चढतो आणि सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकतो. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात, मालमोटारीच्या मागे, वैशाखातल्या दुपारी यंत्रणेची खरी परीक्षा होते. सपाट रस्त्यावरच्या चाचणीत सुरळीत चाललेला एसी येथे हात टेकतो.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत. इंटरकूलर बंपरच्या एका कोपऱ्यात, स्वतंत्र हवेच्या वाटेवर बसवणे हा पहिला. इंजिनाच्या माथ्यावर बसवून बॉनेटला हवेचे तोंड पाडणे हा दुसरा. ३ लिटर डिझेल इंजिनाच्या टोयोटा फॉर्च्युनरमध्ये ही रचना दिसते, परंतु संथ गतीत इंजिनाचीच धग तिला तापवते. तिसरा उपाय पाण्याने थंड होणाऱ्या इंटरकूलरचा. तो महाग असला तरी कंडेन्सरपुढची जागा बरीचशी मोकळी ठेवतो, कारण त्याचा पुढील रेडिएटर लहान व पातळ असतो. कोणताही उपाय निवडला तरी पंखे जोरकस हवेत, आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्र्याने वा रबराने बुजवलेल्या असाव्यात. अन्यथा हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते. हे काम क्षुल्लक म्हणून टाळले जाते, पण खर्चाच्या मानाने त्याइतका लाभ दुसऱ्या कशातही नाही.

जागा, नळ्या व तेल

अनेक इंजिनांत एसीचा कॉम्प्रेसर खाली, एका बाजूस असतो. टर्बोला सोयीची जागा नेमकी तीच असेल, तर टर्बो वर उचलणारा मॅनिफोल्ड घडवावा लागतो किंवा कॉम्प्रेसर नव्या ब्रॅकेटवर हलवावा लागतो. ब्रॅकेट किंचित जरी तिरका झाला तरी पट्टा उडतो. टर्बोचे धुराकडील कवच पूर्ण भारावर लालबुंद होऊ शकते. त्याच्याजवळून जाणारी एसीची रबरी नळी काही महिन्यांत कडक होऊन भेगाळते व वायू गळू लागतो. नळी दूरून नेणे, शक्य तेथे धातूची नळी वापरणे आणि मध्ये पत्र्याची उष्णतारोधक ढाल लावणे आवश्यक असते.

टर्बोतून तेल परत नेणारी नळी रुंद असावी आणि तिला सतत खाली उतार असावा, कारण हे तेल दाबाने नव्हे तर केवळ आपल्या वजनाने ओघळते. कॉम्प्रेसर वाटेत येतो म्हणून ती वळवून वर चढवली, तर तेल टर्बोत तुंबते आणि सीलमधून गळू लागते. तप्त मॅनिफोल्डवर सांडलेले तेल हे अशा गाड्यांना आग लागण्याचे एक प्रमुख कारण आहे.

एसीची यंत्रणा उघडल्यास तिचा ड्रायर नवा घालावा, सांधे नायट्रोजनच्या दाबाने तपासावेत आणि वायू भरण्यापूर्वी निर्वात पंप किमान अर्धा तास चालवून आतील ओलावा काढून टाकावा. जुना वायू हवेत सोडून देणे सर्वथा गैर आहे. आर-१३४ए ची तापमानवाढ घडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. तो यंत्राने बाटलीत काढून घेता येतो.

कॉम्प्रेसरचा भार

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची साधारण दोन ते पाच किलोवॅट शक्ती खातो. एवढ्यासाठी तो काढूनच टाकावा, असा सल्ला शर्यतीच्या हौशी मंडळींकडून दिला जातो. शर्यतीपुरता तो ठीक असेल. रोजच्या गाडीत मात्र टर्बोने मिळणारी वाढ या भारापेक्षा कितीतरी मोठी असते, आणि पूर्ण वेग घेताना काही सेकंद कॉम्प्रेसर सोडवणारा विद्युत स्विच जोडला की उरलेला आक्षेपही संपतो. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एखाद्या वृद्धाला वा तान्ह्या बाळाला भर उन्हात न्यायचे असेल, तर दहा अश्वशक्ती अधिक असण्यापेक्षा गाडीतला गारवा मोलाचा असतो.

जुन्या विनाटर्बो डिझेल इंजिनांचे संपीडन गुणोत्तर २० च्या वर असू शकते. अशा इंजिनावर दाब वाढवला की हेड गॅस्केट व पिस्टन प्रथम बळी पडतात. त्यामुळे दाब अर्ध्या बारच्या आसपास ठेवणे आणि टर्बोपूर्वीच्या धुराचे तापमान दाखवणारा मापक बसवणे शहाणपणाचे समजले जाते. सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर शक्तीचे लक्षण नसून, डिझेल अधिक व हवा अपुरी असल्याचे ते चिन्ह आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या व नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलांत बदल करता येत नाही. काही बदलांना परवानगीची तरतूद आहे, पण ती मर्यादित आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नव्या प्रारूपांची चाचणी व प्रमाणन करणाऱ्या संस्थांपैकी एक, पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६), निर्मात्यांच्या वाहनांसाठी काम करते. एकट्या मालकाने गॅरेजमध्ये घडवलेल्या टर्बोला असे प्रमाणपत्र मिळवणे व्यवहारतः फार अवघड आहे.

त्यामुळे एमएच-२३ (बीड) किंवा एमएच-४४ (अंबाजोगाई) क्रमांकाच्या गाडीला रस्त्यावर चालवण्यासाठी असा संच बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घेणे आणि विमा कंपनीला कळवणे गरजेचे आहे. न कळवता केलेल्या बदलानंतर अपघात झाल्यास विम्याचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. खाजगी जागेत वा बंदिस्त शर्यतमार्गावर चालणाऱ्या, रस्त्यावर न येणाऱ्या वाहनांची गोष्ट वेगळी आहे.